होळीनंतरच्या ओळी

निकिताच्या दुकानात कुणी बिघडलेला लॅपटॉप घेऊन आलं की ती लगेच त्याला हात लावत नाही. आधी माणसाला बसवते, पाणी देते आणि विचारते, "शेवटी काय केलतं तुम्ही?" बहुतेक जण म्हणतात, "काहीच नाही केलं." ती मान डोलावते. काहीच न करता काही बिघडत नाही हे तिला ठाऊक असतं, आणि खरं बोलायला अर्धा ग्लास पाणी पोटात जावं लागतं हेही.

पुसदच्या बसस्थानकामागे, रसवंती आणि पंक्चरवाल्याच्या मधल्या गाळ्यात तिचं दुकान आहे. फुटलेल्या काचा आणि फुगलेल्या बॅटऱ्या यांच्यावर ते चालतं. तिचा जीव मात्र दुसऱ्याच कामात. मोबाईलमधले निरोप, दूध संकलन केंद्रावरच्या फॅटच्या नोंदी, शाळेचं हजेरीचं अ‍ॅप, अशा कितीतरी गोष्टींच्या पोटात एक लहानसा डेटाबेस बसवलेला असतो. त्याला वेगळं मोठं यंत्र लागत नाही की इंटरनेट लागत नाही. सगळा संसार एका फाइलीत. ती फाइल धड असेपर्यंत तिची कुणाला आठवण होत नाही, आणि बिघडली की माणसं निकिताकडे येतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत चार प्रश्न विचारून ती फाइलीला बोलतं करते. नागपूरच्या कंपनीत ती हेच शिकली. तिथून ती परत आली तेव्हा तिच्या आईनं, बेबीताईनं, शेजारणींना सांगितलं होतं, "तिथं एसीत बसून राह्यली होती, करमलं नाही. आता रसवंतीचे घुंगरू ऐकत बसून राह्यली."

पण निकिताचा खरा धडा नागपूरच्याही आधीचा. दर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, तिचे वडील किसनराव घरच्या सोयाबीनची उगवण पाहायचे. गोणपाट ओलं करायचं, पोत्यातून मूठभर दाणे घेऊन त्यावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. तिच्यावर रोज पाणी शिंपडायचं काम निकिताकडे असे. एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, पोतं त भरून हाय, मग कायले पाह्यता?"

"पोत्यात दिसते म्हणून भरोसा नको ठेवू व निकी," किसनराव म्हणाले होते. "उगवून दाखवू दे त्याले आधी."

गुंडाळी उलगडली की पांढरे कोंब दिसत. कधी निम्मे दाणे तसेच कुजलेले असत. त्या वर्षी ते पोतं बियाण्याला जात नसे.

वैशाख लागला होता. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात रूपसिंग राठोड आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. बरोबर त्यांची मुलगी वर्षा. तिच्या हातातली पिशवी लग्नपत्रिकांनी फुगली होती. लग्न पंधरवड्यावर आलेलं.

"काका, शेवटी काय केलतं?"

"काहीच नाही बेटा."

"सांगा न बाबा," वर्षा म्हणाली. "साफसफाई केली म्हणून सांगा."

रूपसिंगांनी पाणी संपवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

तांड्यावर त्यांची आई रुपीबाई ढावलोसाठी ओळखली जायची. ढावलो म्हणजे बंजारा घरातली मुलगी सासरी निघताना गाते ते गाणं. आईच्या गळ्यात पडून, भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून, गोठ्यातल्या गाईचाही निरोप घेत. गाणं आणि रडणं त्यात वेगळं काढता येत नाही. हल्ली मुलींना ते येत नाही. कुणाच्या निघण्याच्या वेळी मोबाईलवर वाजवतात. रुपीबाईला ते अजिबात खपत नसे. घरातल्या प्रत्येक मुलीसाठी ती जुन्या ढावलोत चार नव्या ओळी जोडायची, त्या मुलीच्याच. म्हणून रूपसिंगांनी निवृत्तीनंतर आईची गाणी उतरवून घ्यायला घेतली. त्यांचा पुतण्या बादल, कॉलेजात असताना त्यानं एक अ‍ॅप बनवून दिलं. गाण्याचं नाव, ओळ, ओळीचा क्रमांक, अर्थ. बादल पुढे पुण्याला नोकरीला गेला, रूपसिंग टाइप करत राहिले.

"रेकॉर्ड नाही केलं का?" निकितानं विचारलं.

"याडी गाऊ देईन तवा न," रूपसिंग आईबद्दल म्हणाले. "म्हणे, पोरगी दाराबाहेर निघून राह्यली नाही अन् ढावलो गायचा, हे रडणं घरात बोलावणं होते. शब्द सांगायची. सांगायची म्हणजे भाजी आणायले सांगावी तसे."

होळीनंतर तिनं वर्षाच्या ओळी सांगितल्या. रूपसिंगांनी त्या घातल्या. वर्षानं ठरवलं होतं, परीक्षा संपली की दादीजवळ बसून पाठ करीन. परीक्षा संपायच्या आत रुपीबाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं.

"म्हंजे त्या ओळी..."

"ह्याच्यात," वर्षा लॅपटॉपकडे बघत म्हणाली. "नाहीतर दादीच्या डोक्यात."

त्यानंतरची गोष्ट साधी होती. अ‍ॅप दिवसेंदिवस मंद होत गेलं होतं. एक ओळ शोधायची तर चहा पिऊन व्हायचा. परवा रूपसिंगांनी वर्षाच्या ओळी शोधायला घेतल्या, पडदा गोठला, त्यांनी वाट पाहिली आणि मग बटण दाबून धरलं. लॅपटॉप मेला, पुन्हा सुरू झाला. इथवर फार बिघडलं नव्हतं. पण लग्नघर होतं. भिंती रंगवून झाल्या होत्या, अंगण सारवून झालं होतं, माळ्यावरची भांडी घासून झाली होती. रूपसिंगांनी विचार केला, हेही झाडून काढावं. गाण्यांच्या फाइलीशेजारी तिच्याच नावाची, शेपूट लावलेली दोन पिल्लं दिसली. बादलनं ती केली नव्हती, त्यांनीही केली नव्हती. कचराच असणार. त्यांनी ती काढून टाकली, कचरापेटीही रिकामी केली. अ‍ॅप उघडलं तर पडद्यावर एवढंच आलं की डेटाबेस भंगला आहे.

"कंडक्टर माणूस," ते कसनुसं हसत म्हणाले. "गाडी डेपोत लावायच्या आधी झाडून देयाची सवय."

निकितानं लॅपटॉप सुरू केला आणि आजारी फाइलीची एक प्रत काढली. मग तिचीही प्रत. मूळ फाइल तिनं एका बाजूला, कुलूपबंद केल्यासारखी ठेवून दिली.

"मूळले हात लावायचा नाही," ती म्हणाली. "जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर."

नकलेवर तिनं तपासणीची आज्ञा दिली. पडद्यावर तक्रारींची ओळ लागली: हे पान दोनदा वापरलं गेलंय, त्या पानाचा पत्ता नाही, इथली सूची आणि तिथला मजकूर जुळत नाही.

"बाप्पा! किती बोलून राह्यलं हे," रूपसिंग म्हणाले.

"बोलते हे चांगलं हाय काका. चूप बसलं असतं त पंचाईत होती. बॅकअप घेता का तुम्ही?"

रूपसिंगांचा चेहरा उजळला. शर्टाच्या खिशातून, पेनाच्या शेजारून, त्यांनी पेनड्राइव्ह काढला. दर सणाला ते गाण्यांचं सगळं फोल्डर कॉपी करत. आणि सगळ्याच प्रतींचं नाव सारखं असलं तर घोळ होईल म्हणून गाण्यांच्या फाइलीला त्या सणाचं नाव देत. तीज. दिवाळी. होळी.

निकितानं होळी उघडली. वर्षा पुढे झुकली. यादी आली आणि मध्येच संपली. तीजेनंतरचं एकही गाणं त्यात नव्हतं.

"असं कसं?" रूपसिंग उठून उभे राहिले. "होळीच्या दिवशी घेतली मी ही. ह्याच हातानं."

 वर्षानं पत्रिकांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. रसवंतीचे घुंगरू थांबले होते, बाहेर कुणीतरी सुट्ट्यांवरून वाद घालत होतं.

निकिता फाइल बघत नव्हती. ती फोल्डर बघत होती. तिथं 'होळी' नावाच्या फाइलीशेजारी त्या शेपटाच्या पिल्लांपैकी एक होतंच, पण जुन्या नावानं. रूपसिंगांनी मूळ फाइलीचं, पिल्लाच्या आईचं, नाव बदललं होतं, पिल्लाचं तसंच राहिलं होतं.

"काका, तुमच्या शेतात सोयाबीन कापलं की थेट घरात येते का?"

"नाही. गंजी लावतो, मंग मळणी, मंग घरात."

"मंग गंजी वावरात उभी असताना घरातली पोती मोजली अन् म्हटलं, एवढंच पिकलं, त?"

रूपसिंग पुन्हा खुर्चीत बसले.

"हे अ‍ॅप नवीन ओळ आली की पहिले गंजीत टाकते. ते पिल्लू म्हंजे गंजी. अ‍ॅप नीट बंद केलं की मळणी होते, माल घरात येते. तुम्ही अ‍ॅप कधी बंदच नाही केलं. झाकण मिटता तुम्ही, बरोबर?"

"झाकण मिटलं की बंदच न ते."

"झोपते. बंद नाही होत. म्हणून महिन्यामहिन्याचा माल गंजीत. अन् तुम्ही घराचं नाव बदललं, आता गंजी कोणच्या घरची हे त्याले समजून नाही राह्यलं."

तिनं त्या फोल्डरचीही प्रत काढली. प्रतीतल्या 'होळी'ला तिचं जुनं नाव परत दिलं. आई आणि पिल्लू पुन्हा एका नावाची झाली. मग फाइल उघडली. यादी आली, तीज ओलांडली, दिवाळी ओलांडली, आणि होळीच्या लेंगी गाण्यांपर्यंत वाहत गेली.

रूपसिंगांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "ही सारी होती तिथंच?"

"तुम्ही पूर्ण फोल्डर कॉपी करत होते म्हणून वाचलं. एकलीच फाइल नेली असती त नसतं सापडलं."

बापाच्या चुकीसोबत त्यानं नीट केलेलंही निकितानं सांगितलं, हे वर्षाच्या लक्षात आलं असावं. कारण तिनं पुढचा प्रश्न बापाला नाही, निकिताला विचारला.

"अन् होळीनंतरचं?"

होळीनंतर सण आला होता गुढीपाडव्याचा, पण तोवर रुपीबाई दवाखान्यात होती. बॅकअप कुणाच्या डोक्यात असणार. वर्षाच्या ओळी फक्त लॅपटॉपच्या गंजीत होत्या, आणि ती गंजी रूपसिंगांनी झाडून टाकली होती. निकितानं काढून टाकलेली फाइल शोधून पाहिली. जागा होती, पण त्या जागेवर परवापासून लॅपटॉपवर भरलेले साखरपुड्याचे फोटो येऊन बसले होते.

एकच वाट उरली. गंजी फार वाढली की अ‍ॅप आपणहूनही मळणी काढतं; बटण दाबलं गेलं त्या क्षणी तेच चाललं होतं, अर्धा माल घरात आला होता. म्हणूनच तर घर विस्कटलं होतं. बिघाडातच थोडी आशा होती. भंगलेल्या फाइलीचं पान न् पान चाळून जे वाचता येईल ते नव्या फाइलीत ओतणारी एक आज्ञा असते. निकितानं ती नकलेवर चालवली आणि रूपसिंगांना म्हणाली, "तुम्ही पत्रिका वाटून या. हे बघत बसून लवकर होत नाही."

ती दोघं परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पडद्यावर मूठभर ओळी होत्या. त्यांना ना गाण्याचं नाव होतं, ना क्रमांक. फाइलीनं त्या अनाथ म्हणून एका कोपऱ्यात टाकल्या होत्या. निकिताला बंजाऱ्यांची गोरबोली येत नव्हती. तिनं लॅपटॉप फक्त वर्षाकडे वळवला.

वर्षा वाचत गेली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. तिनं अर्थ सांगितला, कुणाला म्हणून नाही: हापशी, तुझ्या दांड्याला माझ्या हाताची सवय आहे, उद्या तू कुणाचा हात मागशील.

"हे माह्यं हाय," ती म्हणाली. "हापशीवर मीच पाणी भरतो. दादीनं... हे माह्यंच हाय."

रूपसिंग खुर्ची ओढून पुढे सरकले. "बस, मंग झालं. क्रम मी लावतो. थोडं थोडं आठवते मले."

"नको काका."

"काहून?"

"थोडं थोडं आठवते तिथंच गडबड होते. तुमच्या आठवणीतली ओळ अन् याडीची ओळ एका रांगेत बसली की पुढं कोणची कोणाची हे कोणीच नाही सांगू शकत. मीही नाही."

रूपसिंगांना ते लागलं. त्यांनी आयुष्यभर तिकिटं बिनचूक फाडली होती. पण त्यांनी खुर्ची मागे घेतली.

"ज्यांच्या ओळी हाय त्यांनाच विचारू," निकिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांड्यावर गेली. नव्या रंगाचा वास येत होता. रुपीबाई ओसरीतल्या बाजेवर होती, उशांना टेकून. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला, डावा मात्र जागा. निकितानं वाकून पाया पडल्यावर त्या हातानं तिची वेणी चाचपली.

"बारीक केस म्हणते," वर्षा म्हणाली.

"बोलली कुठं ती?"

"तिचं तोंड पाह्यलं न, तेच बोलली."

वर्षानं ओळी वाचल्या. गायल्या नाहीत, दादीचा नियम दादीसमोर मोडायची तिची हिंमत नव्हती. एक ओळ वाचायची आणि थांबायचं. रुपीबाईनं बाजेच्या लाकडावर बोट आपटलं की ती ओळ बसली. हात आडवा झाला की पुढची वाचायची. असं करत गाणं उभं राहत गेलं. घर, अंगण, हापशी. मग एका ठिकाणी हात प्रत्येक ओळीला आडवा होऊ लागला. उरलेल्या सगळ्या ओळी वाचून झाल्या तरी आडवाच.

"इथं अजून एखादी ओळ हाय का आजी?" निकितानं विचारलं. "आमच्याजवळ नसलेली?"

बोट आपटलं.

रूपसिंगांना राहवलं नाही. त्यांनी एक ओळ म्हटली. हात आडवा. दुसरी म्हटली. आडवा, आणि या वेळी जरा जोरात.

"बाबा, मार खासान आता," वर्षा म्हणाली, आणि रुपीबाईचा चेहरा डाव्या बाजूनं हसला.

निकितानं लॅपटॉपवर त्या जागी एक नोंद घातली. गाण्याचं नाव घातलं, क्रमांक घातला, ओळीची जागा रिकामी ठेवली. रूपसिंग बघत होते. "रिकामं कायले ठेवून राह्यली? पुढची वर घे न."

"वर घेतली त उद्या कोणी म्हणन गाणं एवढंच होतं. इथं काहीतरी होतं, हे तरी राहू दे."

रुपीबाईला तो खुलासा कुणी समजावून सांगितला नाही. पण तिचं बोट बाजेवर एकदा वाजलं.

पुढचं काम निकितानं दुकानात केलं. अ‍ॅप मंद का झालं होतं ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं: एक शब्द शोधायचा तर ते पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत प्रत्येक ओळ वाचत होतं. तिनं शब्दांची सूची बांधून दिली. रूपसिंगांनी एक शब्द टाकला आणि दचकले. "बोट उचलायच्या आधीच आलं की!" आता गोठणार नाही, म्हणजे बटण दाबून धरायची पाळी येणार नाही. मग तिनं बॅकअपसाठी एक बटण जोडलं, जे गंजी आणि घर दोन्ही धरून धड एक फाइल बनवतं. ती दोन जागी ठेवायची, एक तांड्यावर, एक पुसदला रूपसिंगांच्या भावाकडे.

"झालं?" रूपसिंग पेनड्राइव्ह खिशात घालत म्हणाले.

"नाही झालं." निकितानं कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर दाखवला. "इथं उघडून दाखवा. तुमच्या हातानं."

ते क्षणभर थांबले, मग हसू लागले. "उगवण पाह्यतं होय बेटा! सीधं सांगायचं न."

"सीधंच त सांगून राह्यली."

त्यांनी फाइल उघडली, शेवटचं गाणं काढलं, चष्मा सावरून वाचलं. रिकाम्या ओळीपाशी थांबले आणि पुढे वाचलं. मग फाइल नीट बंद केली. मग लॅपटॉपवरचं अ‍ॅपही बंद केलं, झाकण मिटलं ते त्यानंतर.

लग्न झालं आणि सकाळी वर्षा निघाली. निकिता बायकांच्या मागे उभी होती. वर्षा आईच्या गळ्यात पडली आणि ढावलो सुरू झाला. आवाज आधी कापरा, मग जाडसर, जुना. तिनं आईचा निरोप घेतला, बापाचा घेतला. रूपसिंगांच्या इस्त्रीच्या शर्टाचा खांदा भिजला. मग ती अंगणातून बाजेपाशी आली आणि दादीच्या पायांशी बसून स्वतःच्या ओळी म्हणू लागली. पाठ झाल्या होत्या. घर. अंगण. हापशी.

पुढची जागा रिकामी होती. ते तिथल्या फार थोड्या जणांना माहीत होतं.  वर्षा थांबली. रुपीबाईचा डावा हात वर उचललेला होता, आडवा नाही, नुसता वर. बायकांतून कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला, बाहेर गाडीचं इंजिन सुरू होतं, हात तसाच राहिला. मग बोट लाकडावर उतरलं.

वर्षानं पुढची ओळ उचलली. मध्ये गेला होता तो वेळ एका ओळीएवढाच होता.